सोळा टक्के

"तो माणूस सकाळपासून बसलाय," रिसेप्शनवरची मुलगी फोनवर म्हणाली. "उठत नाही, चहा घेत नाही. कुणाला भेटायचंय विचारलं तर म्हणतो, ज्यांनी मशीन केली त्यांना."

"मग निरंजनला सांग," मी म्हणाले. "मशीन त्यानंच केलीय. काचेवर कोरून ठेवलंय ना तसं."

"निरंजन सरांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, माणूस मराठवाड्याचा आहे, कांचन बोलेल."

हे बरं होतं. बक्षीस घ्यायला निरंजन सबनीस, आणि मराठवाड्याचा माणूस आला की कांचन हिप्परगे. मी तणतणत जिना उतरले.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला, पण तेव्हाचा माझा राग मला अजून पायरीगणिक आठवतो. आमची कंपनी पुण्यात बाणेरला होती, चाळीसएक माणसांची. आम्ही कंपायलर बनवायचो, म्हणजे माणसानं लिहिलेलं गणित यंत्राला कळेल अशा हुकमांत बदलणारा प्रोग्राम. निरंजन आमच्या गटाचा प्रमुख. आदल्याच आठवड्यात कंपनीच्या वाढदिवसाला त्याला काचेची ट्रॉफी मिळाली होती. तिच्यावर कोरलं होतं, 'मेमरीत सोळा टक्के बचत. निरंजन सबनीस.' आणि ते सोळा टक्के माझे होते. त्याआधीच्या ऑक्टोबरात एका दुपारी बसून मी ते काम केलं होतं. निरंजननं त्याची रंगीत चित्रं काढली आणि बंगळूरला जाऊन भाषण ठोकलं. आयत्या बिळावर नागोबा. नाव दुरुस्त करा म्हणून मी वरच्यांना तीन मेल पाठवल्या होत्या. एकीचंही उत्तर आलं नव्हतं.

ट्रॉफी रिसेप्शनच्या काचेच्या फळीवर ठेवली होती, आणि तो माणूस नेमका तिच्याखाली बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मांडीवरची कापडी पिशवी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"मी कांचन हिप्परगे. बोला."

तो उठून उभा राहिला. "मी विश्वंभर सोळुंके, मॅडम. औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, उंबरसांगवी." मग जरा थांबून, "हिप्परगे म्हणजे कुठल्या?"

"औशाच्या."

"मग आपल्याच की." त्याचा चेहरा सैलावला. मॅडमची मी लगेच ताई झाले. "ताई, मला एकच विचारायचंय. तुमच्या मशीनला मी का दिसत नाही?"

मी त्याला आतल्या लहान खोलीत नेलं. त्याचं केंद्र तिकडच्याच एका जिल्ह्यातलं, आणि त्या जिल्ह्याच्या औषध-पुरवठ्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं. दर सोमवारी प्रत्येक केंद्रानं कपाटातला साठा संगणकावर भरायचा, आणि कुणाला काय पाठवायचं ते आमचा प्रोग्राम सांगायचा. एखाद्या केंद्राची नोंद आलीच नाही, तर शेजारची केंद्रं आणि मागचे आठवडे बघून तो अंदाज बांधायचा. कंपनीला या कामाचा भारी अभिमान होता. पाहुणे आले की पडद्यावर आधी तो जिल्हा उघडायचे.

सोळुंक्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक छापील अहवाल, खाली आमच्या कंपनीचं नाव-पत्ता असलेला, आणि एक जाड रजिस्टर. अहवालात सर्पदंशाच्या लसीसमोर ओळीनं सात आठवडे एकच मजकूर होता, 'अहवाल अप्राप्त. अंदाजे साठा ६.' रजिस्टरात त्याच सात सोमवारी, त्याच औषधासमोर, लाल शाईनं सात शून्यं होती. प्रत्येकाच्या शेजारी सही.

"हे मी संगणकावर पण भरायलो, ताई. दर सोमवारी. नोंद झाली असं येतंय स्क्रीनवर. आणि हे म्हणायलेत, तुम्ही पाठवलंच नाही."

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याच्या लसीत फारसा रस नव्हता. माझ्या डोक्यात ट्रॉफी होती. अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचीच चूक घेऊन आलेला असतो, हे मी गृहीत धरलं होतं.

"काका, तुम्ही रकाना रिकामा सोडला असेल," मी म्हणाले. "लस नव्हतीच, तर काय भरायचं, असं वाटलं असेल. होतं असं."

"रिकामा मी कशाला सोडीन?"

"नाही, म्हणजे तसं रिकामं काय आणि शून्य काय, एकच आहे."

"एकच?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. आवाज चढवला नाही, पण कानशिलं लाल झाली.

"ताई, रकाना रिकामा सोडायला काही लागत नाही. घरी झोपून राहिलं तरी तो रिकामाच राहतो. शून्य लिहायला मला कपाट उघडावं लागतं. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी शिस्त लावून दिलीय, संपलंय हे ठाऊक असलं तरी सोमवारी कपाट उघडायचं, कप्प्यात हात घालायचा, मग लिहायचं. मनानं लिहायचं नाही. अठ्ठावीस वर्षं मी मनानं लिहिलेलं नाही. सात सोमवार मी त्या रिकाम्या कप्प्यात हात घातलाय. आणि तुम्ही म्हणता एकच आहे."

राग मलाही आला होता, कारण माझ्याशी असं बोललेलं मला खपत नसे.

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. सातव्या सोमवारनंतरच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, अनुसया वाघमोडे नावाच्या बाईला जीपमधून आणलं. सोयाबीन खुरपताना पायाला साप चावला होता. वय चौतीस. डॉक्टर हजर, नर्स हजर, सोळुंके हजर, लस नाही. तालुक्याला पाठवली, बेचाळीस किलोमीटर. ती वाटेतच गेली.

"जिल्ह्याच्या औषध-भांडाराला मी चार वेळा फोन केलता. ते म्हणायचे, स्क्रीनवर तुमच्याकडे सहा दिसायलेत, अजून कशाला पाहिजेत? मी म्हणलो, अहो कपाटात नाहीत. तर म्हणतात, मशीन खोटं बोलेल का तुम्ही? आता त्या फोनची आठवण कुणालाच नाही." त्यांनी रजिस्टरावर तळहात ठेवला. "आणि हे बघून म्हणतात, लाल शाई नंतरची हाय. बाई मेल्यावर बसून लिहिली. येत्या सोमवारी चौकशी हाय. नोकरी जाईल, ते जाऊ द्या, चार वर्षंच राहिलीत. पण गावात लोक म्हणायलेत, सोळुंकेच्या आळसानं बाई मेली. तिचा पोरगा माझ्या दारावरून शाळेला जातो, ताई."

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "मी बघून येते."

वर जाताना माझा राग आता त्या भांडारावर होता, मशीन खोटं बोलेल का असं विचारणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसावर होता. आणि अर्थात निरंजनवर होताच, तो तर कायमचा.

आमच्या साठवणीची रीत साधी होती. तीनशे बारा केंद्रं, चारशे औषधं, बावन्न आठवडे. असा तक्ता मांडला तर त्यात पासष्ट लाख घरं होतात, आणि त्यातली बहुतेक कायम रिकामी, कारण लहान केंद्रात पंधरा-वीसच औषधं असतात. अशा तीन बाजूंच्या तक्त्याला आमच्यात टेन्सर म्हणतात, आणि बहुतेक घरं रिकामी असली की विरळ टेन्सर. तो अख्खा साठवणं म्हणजे मूर्खपणा. पोस्टमन काही पत्र नसलेल्या घरांची यादी पिशवीत घेऊन फिरत नाही. म्हणून भरलेल्या घरांचीच ओळ ठेवायची: कुठलं केंद्र, कुठलं औषध, कुठला आठवडा, आणि आकडा. बाकीचं लिहायचंच नाही. ही मांडणी मी बसवली होती आणि ती नीट होती. आजही मला ती नीटच वाटते.

मी उंबरसांगवीच्या ओळी काढल्या. जूनमध्ये लस तीन. मग दोन. मग एक. त्यानंतर सात आठवडे ओळच नाही. मग शेजारच्या केंद्राचं पाहिलं. चार, एक, आणि ओळ नाही. मग मी सगळ्या तक्त्याला विचारलं, ज्या ओळींचा आकडा शून्य आहे तेवढ्या दाखव.

एकही नव्हती. तीनशे बारा केंद्रं, दहा महिने, आणि कुठल्याच कपाटातलं कुठलंच औषध एकदाही संपलेलं नव्हतं. असला जिल्हा स्वर्गातही नसेल.

दोष कुठल्या ओळीत आहे हे मला शोधावं लागलं नाही. त्या ऑक्टोबरात पाहुणे येणार होते. निरंजन म्हणाला, मेमरी अजून कमी दिसली पाहिजे. मी ओळी चाळल्या आणि बऱ्याच ओळींत आकडा शून्य दिसला. मला हसू आलं. शून्य कशाला साठवायचं? बेरजेत शून्य असलं काय, नसलं काय. मी कंपायलरला शिकवलं की साठवताना शून्याची ओळ दिसली की गाळ. दुपारभराचं काम. चाचण्या सगळ्या पास झाल्या, कारण चाचण्याही मीच लिहिल्या होत्या, सगळ्या बेरजेच्या. मेमरी सोळा टक्क्यांनी उतरली आणि मी कँटीनमध्ये जाऊन आनंदानं दोन प्लेट साबुदाणा वडे खाल्ले.

सोळा टक्के म्हणजे दर सहा ओळींत एक. दर सहा ओळींत कुणीतरी कपाट उघडून, आत हात घालून, संपलंय म्हणून कळवलं होतं. मला त्यात जागा दिसली.

मी खाली आले तेव्हा सोळुंके तसेच बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन.

"काका, तुम्ही खरं बोलताय," मी म्हणाले. "मशीनची चूक आहे."

त्यांनी डोळे मिटले. "कुणी केली?"

"ते शोधते," मी म्हणाले.

सरळ खोटं. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण त्याएवढं हलकट दुसरं नाही.

"देव भलं करो तुमचं, ताई," ते म्हणाले. "आता चहा घेतो."

त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. त्यांचा नंबर घेऊन मी त्यांना रिक्षात बसवलं आणि तडक निरंजनच्या खोलीत गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला त्याचा, हे कबूल करायला हवं. मग तो खिडकीपाशी गेला आणि परत आला तेव्हा पुन्हा प्रमुख झालेला होता.

"गणिताच्या दृष्टीनं ते बरोबर आहे," तो म्हणाला. "शून्य गाळल्यानं कुठलीही बेरीज बदलत नाही."

"ऑक्टोबरात हे वाक्य मी तुला म्हटलं होतं. माझंच वाक्य मला ऐकवू नकोस."

"मुद्दा असा की चूक कंपायलरची नाही. अंदाजाच्या प्रोग्रामनं ओळ नाही म्हणजे नोंद नाही, असं धरलं, ती त्यांची चूक."

"दुसरं काय धरणार ते? नोंद नाही तर ओळ नाही, हे आपणच त्यांना लिहून दिलंय. तुझ्या सहीनं."

"बरं. मग ती चौकशी आटोपली की दुरुस्त करू. शून्याच्या ओळी ठेवायला लागू. गुपचूप."

"आणि सोळुंके?"

"त्यांच्या खात्याचा प्रश्न आहे तो. आपण त्यात पडलो तर जिल्हा जाईल, आणि जिल्हा गेला की बाकीचे पण जातील. चाळीस जणांचं पोट आहे यावर, कांचन." तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. आवाज मऊ केला. "हे बघ, तुझ्या मेल मी वाचल्यात. तुझं बरोबर होतं. काम तुझं होतं, आणि मी नाव लावायला हवं होतं. ट्रॉफीवर तुझं नाव घालून घेऊ. पुढच्या महिन्यात सिंगापूरला भाषण आहे, ते तू कर. पण आत्ता उगाच हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. आत्ता तर त्या कामावर माझं नाव आहे. तुला कुणी विचारणारसुद्धा नाही."

दहा महिने मला हेच वाक्य ऐकायचं होतं. काम तुझं होतं. ते आलं तर असं आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरीही, लाज वाटते सांगायला, एक क्षण सिंगापूर डोळ्यांसमोर तरळलं. त्या क्षणाचा राग निरंजनच्या रागापेक्षा मोठा होता आणि अजून विझलेला नाही.

"एक बाई मेलीय, निरंजन."

"सापानं मेलीय," तो म्हणाला.

मी उठले. "ट्रॉफी राहू दे तुझ्याकडे. नाव कुठे लावायचं ते माझं मी बघते."

"तू तिथं गेलीस तर परत इथं येऊ नकोस."

"नाही येत."

चार दिवस मी घरी बसून पत्र लिहिलं. कंपनीच्या कागदावर नाही, साध्या कोऱ्या कागदावर. दोष नेमका कुठं आहे, कधी घातला, कसा पकडायचा, आणि कुणी घातला. तीन पानं झाली. रविवारी रात्रीच्या गाडीनं निघाले आणि सोमवारी अकराला जिल्ह्याच्या कचेरीत हजर झाले.

चौकशी अधिकारी एक बाई होत्या. चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचायची त्यांना सवय होती. समोर सोळुंके, त्यांच्याशेजारी भांडाराचा माणूस, तोंडात सुपारी धरून. मला बघून सोळुंके अर्धवट उठले आणि हसले. सगळ्या जगात त्यांच्या बाजूचं एकच माणूस आलं होतं, आणि ते मी होते.

"तुम्ही कंपनीकडून?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही. माझी मी आलेय."

"मग कंपनीचं पत्र?"

"नाही. माझं आहे."

भांडाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, असं कुणीही येऊन काहीही म्हणेल. मशीनचा अहवाल समोर आहे."

"मशीन समोर आहे ना?" मी म्हणाले. "मग माझं ऐकू नका. तिलाच विचारा."

त्यांच्या टेबलावर संगणक होता. मी बाईंना म्हणाले, सोळुंक्यांच्या नावानं तुम्हीच भरा, मी हात लावत नाही. औषध कुठलंही. त्यांनी खोकल्याचं औषध घेतलं, आकडा पाच भरला. 'नोंद झाली.' अहवाल काढला. पाच. मग त्याच जागी एक भरला. अहवालात एक. मग मी म्हणाले, आता शून्य भरा. बाईंनी शून्य भरलं. 'नोंद झाली.' अहवाल काढला.

'अहवाल अप्राप्त. अंदाजे साठा ४.'

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. पुन्हा शून्य भरलं, पुन्हा अहवाल काढला. तिसऱ्यांदा भरलं. भांडाराच्या माणसानं तोंडातली सुपारी गिळली असावी.

"मी आत्ता भरलं," बाई म्हणाल्या. "माझ्या हातानं भरलं. आणि ही म्हणते मी भरलंच नाही."

"सोळुंके हेच सांगतायत," मी म्हणाले. "दोन महिने."

बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं आणि सातही लाल शून्यांवरून बोट फिरवलं. सोळुंके त्यांच्या बोटाकडे बघत होते. मग बाईंनी माझ्याकडे मान वळवली, आणि आता त्यांचाही पारा चढला होता.

"हे कुणाचं काम? कुणी ठरवलं शून्य टाकून द्यायचं?"

"मी," मी म्हणाले. "तिसऱ्या पानावर लिहिलंय. नाव, तारीख, सही. कांचन हिप्परगे. शून्य गाळायचं मी ठरवलं, मी लिहिलं, मी तपासलं. दुसऱ्या कुणी नाही."

त्या कामावर माझं नाव पहिल्यांदा लागलं ते असं.

मी सोळुंक्यांकडे बघितलं नाही. पण शेजारची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज ऐकला.

त्यांच्यावरचा ठपका तिथंच खोडला गेला. बाईंनी स्वतःच्या हातानं टिपण लिहिलं, भांडाराच्या माणसाचा जबाब घ्यायचा हुकूम काढला, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांना फोन करून संपलेल्या औषधांची यादी आजच्या आज मागवली. माझ्या पत्राचं पुढं काय झालं, मला किती ठिकाणी जाऊन जबाब द्यावे लागले आणि किती वर्षं मला कुणी कामाला ठेवलं नाही, ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाहेर कचेरीच्या फाटकापाशी चहाची टपरी होती. सोळुंके तिच्या बाकावर बसले होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मी दोन चहा सांगितले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"काका, मी त्या दिवशी सांगायला हवं होतं."

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. सोळुंक्यांनी कपाकडे बघितलं नाही.

"तिथं तुमच्या हाफिसात काचेचं बक्षीस होतं," ते म्हणाले. "मी सकाळपासून त्याच्याखाली बसलो होतो. वाचून वाचून पाठ झालं. सोळा टक्के बचत. ते हेच का, मॅडम?"

ताईची मी पुन्हा मॅडम झाले होते.

"हो."

"माझ्या सात शून्यांना किती जागा लागली असती?"

मला खोटं बोलता आलं असतं, मोठा आकडा सांगता आला असता. "एकशे बारा बाइट. म्हणजे एकशे बारा अक्षरं धरा."

त्यांनी वरच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलं, सकाळी येतानाचं. उलटसुलट करून बघितलं. बोटानं अक्षरं मोजली.

"ह्याच्यावर जास्त हायेत," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या बाईचं? सर्पदंशानं मेलेल्यांचा रकाना आमच्याकडं असतो. त्या आठवड्यात मी तिथं एक लिहिलाय. तो पण तुमच्यातच जातो ना?"

"जातो."

"त्याला किती लागली?"

"सोळा बाइट. प्रत्येक ओळीला तेवढीच लागते. एका शून्याला लागली असती तेवढीच."

"ती ओळ हाय का अजून?"

मी मान डोलावली. मी ती ओळ पाहिली होती. पत्र लिहायच्या चार दिवसांत रोज पाहिली होती. केंद्र, रकाना, आठवडा, आणि पुढं एक.

"ती नाही गाळली तुम्ही."

"नाही. ती शून्य नव्हती."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावलेल्या माणसाकडे बघणं सोपं असतं, आपणही रागावू शकतो. ते रागावलेले नव्हते. ते फक्त नीट बघत होते, आत काही आहे की नाही ते.

मग ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्याकडे चालू लागले.

"काका, चहा," मी म्हणाले.

"दोनची गाडी हाय," ते न वळता म्हणाले. "आज सोमवार. कपाट उघडायचं राहिलंय."